दादाचा श्वास

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला ताईच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये एक हिसका देऊन थांबली. पाचव्या मजल्यावर ताई आणि दादा माझी वाट बघत बसले होते, त्यांना वाटलं, बिघडली. बिघडली नव्हती. मी थांबवली होती. जुनी, जाळीच्या दोन दरवाजांची लिफ्ट आहे ही. चालू असताना आतली जाळी बोटभर जरी सरकवली तरी ती जागच्या जागी उभी राहते; जाळी परत नीट ओढली, बटण दाबलं, की मुकाट्याने निघते. हे मला माहीत असायलाच हवं, कारण गेली सव्वीस वर्षं मी लिफ्टच दुरुस्त करतो आणि या इमारतीचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आठ दिवसांपूर्वी याच जाळीच्या सांध्यांत मी तेल घातलं होतं, म्हणून तर इतकी अलगद सरकली. लोकांना वर पोचवून पोट भरणारा माणूस स्वतः मधेच लटकलाय, हे सुचलं आणि मी एकटाच हसलो. वाईट खोड आहे. आई गेली त्या दिवशी तिला इस्पितळाच्या लिफ्टमधून खाली आणताना माझ्या तोंडून गेलं होतं, "या लिफ्टचं सर्व्हिसिंग बघितलं का, आपल्यालाही सोबत नेईल ही." ताई रडता रडता फिस्सकन हसली होती आणि मग हसली म्हणून आणखी रडली होती. दादा नुसता मजल्यांचे आकडे बघत होता. चार, तीन, दोन.

वरून ताईचा आवाज आला, जिन्याच्या कठड्यावरून वाकून असणार. "काय रे, अडकलास?" "अडकलो." "तुझीच लिफ्ट आणि तूच अडकलास?" "डॉक्टरला काय सर्दी होत नाही?" "वॉचमनला सांगू का?" "वॉचमनला लिफ्टमधलं एवढंच कळतं की आत जागा किती. तू चहा टाक, मी बघतो." शाळेत शिकवते ती, त्यामुळे घरातही हजेरी लागते. "लवकर बघ," ती म्हणाली, "दादाला सहाला जायचंय." म्हणजे दादाने जायची वेळसुद्धा आधीच सांगून ठेवली होती. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि मी पिंजऱ्याच्या मागच्या फळीला टेकून खाली बसलो. वरच्या अंगाला चौथ्या मजल्याची फरशी दिसत होती, उभा राहिलो की बरोबर डोळ्यांच्या रेषेत येईल अशी. खाली तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारात ओली छत्री उघडी ठेवली होती. जिना लिफ्टच्या भोवतीने वळत वर जातो, त्यामुळे जाळीतून सगळ्या बाजूंनी पायऱ्याच पायऱ्या. वंगणाचा आणि जुन्या लोखंडाचा वास. हा वास मला घरच्यासारखा आहे. इतर दिवशी मी याच वासात डबा खातो.

वर जाऊन काय होणार ते मला पाठ होतं. आईचं बँकेचं पुस्तक सापडल्यापासून ही तिसरी बैठक. जाण्याआधी सात महिने आईने आयुष्यभराची सगळी शिल्लक एका चेकने दादाला देऊन टाकली होती. ताईला नाही, मला नाही, एकट्या दादाला. ताईला ते इस्पितळात कळलं, आईच्याच तोंडून. दादाला आई मोठ्या म्हणायची. शेवटच्या आठवड्यात एकदा तिचे केस विंचरताना आई म्हणाली म्हणे, "मोठ्याने पैसे मागितले गं. फोन करून मागितले. तू कधी मागितलेस का?" ताई चार वर्षं रोज सकाळी शाळेच्या आधी आईकडे जायची, गोळ्या काढून ठेवायची, नखं कापायची, आणि हे ऐकून ती कंगवा हातात घेऊन तशीच बसून राहिली. पहिल्या बैठकीत तिने दादाला सरळ विचारलं, "तू आईकडे पैसे मागितलेस?" दादा म्हणाला, "नाही." "फोन केला होतास?" "नाही." "मग आई खोटं बोलली?" "आई कशाला खोटं बोलेल?" "मग तू बोलतोयस." आमचा दादा वजनमापे तपासणारा अधिकारी. चार ग्रॅमच्या फरकासाठी दुकानदारांना घाम फोडण्यात त्याची हयात गेली. त्याला या घरात कुणी खोटारडा म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. त्याने खिशातून आईचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, ज्यात तिने चेक घालून दिला होता. वर तिच्या मोकळ्या, लपेटदार अक्षरात एकच शब्द होता: मोठ्या. "मागितल्यावर दिलेल्या पैशावर माणूस असं लिहितं का?" तो म्हणाला. "मी गेलो, जेवलो, निघताना तिने हे हातात ठेवलं. काय आहे विचारलं तर म्हणाली, असू दे, यावर बोलायचं नाही. मी नाही बोललो. मला वाटलं..." काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. पाकीट उचलून परत खिशात ठेवलं आणि वरून दोनदा चापपलं.

दुसऱ्या बैठकीत ताई म्हणाली, "मला पैसे नकोतच. एक छदाम नको. तू फक्त एवढं म्हण की हो, मागितले. माणसाला गरज लागते, त्यात काय. पण आईला मेल्यावर खोटं पाडू नकोस." आणि दादा म्हणाला, "जे केलं नाही ते केलं म्हणू?" मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारी सगळ्या रकमेचा चेक आणतो. ताईच्या नावाने. एकदा दिला की झालं. मग तुमच्याकडे यायचं मला काही कारण नाही." तो हे ओरडून म्हणाला असता तर मी घाबरलो नसतो. त्याने ते काटा बघून आकडा वाचावा तसं वाचलं. मी त्या वेळी काय केलं? मी म्हणालो, "माझ्या नावाने आण रे, ताईकडे आधीच फ्लॅट आहे." कुणी हसलं नाही. आता हा पुढचा रविवार होता, वर टेबलावर तो चेक असणार, आणि या जगात एकच माणूस होता ज्याला माहीत होतं की आईही खरं बोलली आणि दादाही. तो माणूस जाळी बोटभर उघडून लिफ्टमध्ये बसला होता.

फोन मी केला होता. दादाच्या आवाजात.

आता हे जरा सावकाश सांगायला हवं, नाहीतर मी नुसताच नालायक ठरेन; ठरायला हरकत नाही, पण नीट कारणासाठी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला लोकांचे आवाज. घरी आली की चपला काढायच्या आधी दिवसभराची माणसं काढून दाखवायची: रागावलेला वकील, कर्ज चुकवणारा व्यापारी, नवऱ्याचा पत्ता विचारणारी बाई. नकला मी तिच्याकडून उचलल्या. मला तिने दिलं काय, तर हे. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून मी नाक्यावरच्या फोनवरून तिच्या बोर्डाला फोन लावायचो, कधी म्हातारा होऊन, कधी पोलीस होऊन, कधी तिचीच सुपरवायझर होऊन. दोन शब्द पुरायचे तिला. "राँग नंबर, नकल्या," म्हणायची आणि प्लग ओढायची. ती रिटायर झाली तरी हा खेळ चालूच राहिला. मी बाप झालो, टक्कल पडलं, तरी महिन्यातून एकदा मी तिला गॅस कंपनीचा माणूस होऊन फोन करायचो आणि ती म्हणायची, "राँग नंबर, नकल्या. जेवलास का?" चाळीस वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही. मागच्या वर्षी तिचा एक कान गेला. मला दया यायला हवी होती. माझ्या डोक्यात आलं की आता जमेल.

दादाचा आवाज मी कधी काढला नव्हता. नक्कल करायला माणसाकडे काहीतरी जास्तीचं लागतं, दादाकडे सगळं बेताचंच. पण एक गोष्ट होती. दादा बोलायच्या आधी श्वास घेतो. भरलेली बादली उचलायच्या आधी माणूस घेतो ना, तसा. आणि कधी कधी बादली न उचलताच सोडून देतो. हा श्वास कुठून आला तेही मला माहीत होतं. मी जन्मलो तेव्हा बाबा फिरतीच्या नोकरीत, आईला रात्रपाळ्या, तीन पोरं एकटीला झेपेनात. म्हणून सात वर्षांच्या दादाला दुसऱ्या गावी मावशीकडे ठेवलं. माझ्यासाठी जागा करायला, असंच म्हणायचं. वर्षभर म्हणता म्हणता चार वर्षं. दर रविवारी मावशी त्याला शेजारच्या दुकानात नेऊन एक्स्चेंजला फोन लावून द्यायची. ट्रंक कॉल, तीन मिनिटं. मागे सुपरवायझर उभी, त्यामुळे आईला स्वतःच्या मुलालाही तेच म्हणावं लागायचं जे सगळ्यांना म्हणायची: तीन मिनिटं झाली. "तो बोलायचाच नाही रे," आईने मला सांगितलं होतं. "मी विचारायचे, शाळेत जातोस ना, मावशीला त्रास देत नाहीस ना, काही हवंय का. तो नुसता श्वास घ्यायचा. आता बोलेल, आता बोलेल, असं वाटायचं, आणि वेळ व्हायची." दादा परत आला तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि स्वतःचं ताट स्वतः धुवायचा. त्याने त्यानंतर कधी कुणाकडे काही मागितलं नाही. पेन्सिलसुद्धा नाही.

मी फोन लावला एका नव्या इमारतीच्या मशीनरूममधून, काम संपवून, हात पुसता पुसता. तिने उचलला. मी बोललो नाही. आधी श्वास घेतला. आणि सोडून दिला. आणि पुन्हा घेतला. मी वाट बघत होतो "राँग नंबर"ची, हसू दाबून, ओठ चावून. पलीकडे काहीच नाही. मग तिचा आवाज आला, असा आवाज जो माझ्यासाठी तिने कधी काढला नव्हता, कधी गरजच पडली नव्हती. "मोठ्या?" मी म्हणालो, "हं." तेवढ्यावर सोडायला हवं होतं. तिथे मी हसून "गंडवलं" म्हणालो असतो तर तिने दोन शिव्या दिल्या असत्या आणि आज मी सरळ पाचव्या मजल्यावर असतो. पण खेळात जिंकत असताना उठतं कोण? मी दादाच्या आवाजात म्हणालो, "आई, जरा पैशांची अडचण आहे." काहीतरी म्हणायचं म्हणून. दादाच्या तोंडात जगातली सगळ्यात अशक्य गोष्ट कोणती, तर ही, म्हणून. मला वाटलं, इथे तरी पकडेल. ती पकडेना. मी आणखी पुढे गेलो. "कुणाला सांगू नकोस. आणि मी आलो की हा विषय काढू नकोस, मला लाज वाटते." नक्कल इतकी उतरली होती की माझ्याच अंगावर काटा आला. त्यावर ती जे म्हणाली ते ऐकून मी फोन ठेवला. त्याच संध्याकाळी सांगायचं ठरवून तिच्याकडे गेलो, तर ती कपाट उघडून बसली होती, बँकेची कागदपत्रं मांडीवर, आणि गुणगुणत होती. तोंडावर असं काही होतं की मी म्हणालो, "काय, लॉटरी लागली?" ती म्हणाली, "तसंच समज." उद्या सांगू म्हटलं. उद्या मग सात महिने पुरली.

मी स्वतःला सांगत आलो की तिचा कान गेला होता म्हणून फसली. लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मला वाटलं, तिचा दुसरा कान तर शाबूत होता. तीस वर्षांचा कान. मला तिने शेवटच्या आठवड्यातही पकडलं होतं, नर्सच्या आवाजात बोललो तर डोळे मिटूनच म्हणाली, राँग नंबर. ती फसली ती वाट बघत होती म्हणून. पन्नास वर्षं त्या श्वासानंतर काहीतरी येईल म्हणून ती कान लावून बसली होती, आणि आलं ते माझं. हे सांगितलं तर दादा खोटारडा राहत नाही, ताईची आईही खोटी ठरत नाही. पण दादाच्या खिशातल्या पाकिटाचं काय होतं? त्याला वाटलंय की आईने न मागता दिलं. मावशीकडच्या चार वर्षांचं काहीतरी, न बोलता. ते मी त्याच्या खिशातून काढून घेणार. आणि नाही सांगितलं तर सहा वाजता तो जिना उतरून जाणार, आणि दादा एकदा उतरला की परत चढणाऱ्यातला नाही.

पावलं वाजली. ताईची नव्हेत, ती स्लिपर ओढते. ही मोजून टाकलेली. चौथ्या मजल्याच्या फरशीवर येऊन थांबली. मी उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर, जाळीच्या पलीकडे, दादाचे बूट आले. जुने, पण पॉलिश केलेले, नाड्यांची गाठ दोन्हीकडे सारखी. आजच्या दिवशीसुद्धा त्याने बूट पॉलिश केले होते.

"हाताने सोडवता येत नाही का?" दादा वरून म्हणाला.

"येते."

"मग?"

"बिघडलेली नाहीये. मी थांबवलीय."

बूट हलले नाहीत. "तुला सगळीकडे मजाच सुचते," तो म्हणाला. रागावून नाही, थकून. "चल वर. चेकवर सही केलीय मी."

"दादा, आईला फोन आला होता."

"पुन्हा तेच नको."

"आला होता. तू केला नव्हतास. मी केला होता. तुझा आवाज काढून."

बोलून झाल्यावर मी बुटांकडे बघत राहिलो. तोंड दिसत नव्हतं ते बरंच होतं. इमारतीत कुठेतरी नळ वाहत होता. उजव्या बुटाची टाच किंचित उचलली गेली आणि परत टेकली. मी वाट बघत होतो की तो जाईल, किंवा जाळीवर लाथ मारेल. मी त्याच्या जागी असतो तर मारली असती आणि लिफ्टवाल्याला बोलावून बिलही त्याच्याच माथी मारलं असतं. दादा म्हणाला, "माझा आवाज?" मी म्हणालो, "हो." "आईला कळलं नाही?" "नाही." "तिला सगळ्यांचे कळायचे." "हो." मग तो म्हणाला, "काढून दाखव."

"दादा, नको रे."

"काढ. जसं बोललास तसं. मला बघू दे काय ऐकून दिले तिने."

हजार वेळा लोकांच्या फर्माईशीवर मी नकला केल्यात, लग्नात, पार्ट्यांत, युनियनच्या मीटिंगमध्ये. जाळीला दोन्ही हातांनी धरून मी डोळे मिटले. श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. आणि वर, फरशीवर, हुबेहूब तसाच श्वास ऐकू आला, माझ्यापाठोपाठ. मी डोळे उघडले. बूट गेले होते. त्यांच्या जागी दादाचे गुडघे आले, मग हात, मग तो चार पायऱ्या खाली सरकून पायरीवर बसला, आणि जाळीच्या चौकोनांतून त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला, हातभर अंतरावर. मी त्याच्याच आवाजात त्याला म्हणालो, "आई, जरा पैशांची अडचण आहे. कुणाला सांगू नकोस. आणि मी आलो की हा विषय काढू नकोस, मला लाज वाटते."

दादाने मान हलवली. बरोबर आहे, असंच बोललो असतो, अशी. मग खिशातून पाकीट काढलं आणि त्यावरचा तो एक शब्द वाचत बसला, जणू तो आता वेगळा लिहिलेला असेल. "म्हणजे हे मागून मिळालेलं," तो म्हणाला.

"तू नाही मागितलंस."

"मी मागायला हवं होतं." पाकीट त्याने गुडघ्यावर सरळ केलं. "ती काय म्हणाली? तू हे म्हणालास, मग ती काय म्हणाली?"

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि आईचा आवाज मी आयुष्यात कधी काढला नव्हता. सगळ्या गावाचे काढले, तिचा कधी नाही. आत्ताही काढणार नव्हतो. माझ्याच आवाजात सांगायला तोंड उघडलं आणि काय झालं कळलं नाही, शब्दांच्या मागून तीच आली, रात्रपाळीने बसलेल्या तिच्या घशासकट. "बोल रे मोठ्या. घाई नको करू. आज तीन मिनिटांचं काही नाही, आज वेळ आहे. बोल."

दादाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. त्याने तोंड उघडलं. बादली उचलायच्या आधीचा तो श्वास घेतला आणि धरून ठेवला, सात वर्षांच्या पोरासारखा, दुकानाच्या काउंटरपाशी टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या. मी वाट बघितली. आईने किती रविवार बघितली असेल ते मला तेव्हा, तिथे, लोखंडाला धरून उभा असताना समजलं. जाळीतून दोन बोटं आत येऊन माझ्या हातावर टेकली. मारायला नाही, कशाला ते त्यालाही माहीत नसावं.

"ताईला तू सांगायचंस," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या आवाजात."

"हो."

"ती तुला सोडणार नाही."

"माहीताय. म्हणून तर इथे बसलोय."

वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि ताई कठड्यावरून वाकली. चहाचे कप हातात असणार, बशीवर किणकिण ऐकू येत होती. "सुटली का रे लिफ्ट? दादा, काय करताय दोघं तिथे? चहा गार होतोय." मी जाळीला हात घातला. ओढली की निघाली असती. दादाने माझ्याकडे बघितलं, बोटभर उघड्या जाळीकडे बघितलं. त्याला यंत्रातलं कळतं. त्याने वर मान केली.

"बिघडलीय," तो म्हणाला. "वेळ लागेल."

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला आणि फार वाईट बोलला. आवाज चढला, शब्द अडखळला, ताईच्या शाळेतलं पहिलीचं पोरही पकडलं गेलं नसतं इतकं सहज तो पकडला गेला असता. वर कपांची किणकिण थांबली. मग काय वाटलं कोण जाणे, ताई दार न लावताच आत गेली. दादाने पाकिटाची घडी न घालता ते तसंच हातात धरलं, जाळीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "पुन्हा म्हण. फक्त तिचं."